पांगलेली मुले आणि त्यांची मोजणी : परळी खोऱ्यातील एका स्काऊट शिबिराचा प्रकरण अभ्यास

सातारा शहरातील एका माध्यमिक शाळेच्या स्काऊट पथकाने जानेवारीच्या अखेरच्या शनिवार-रविवारी सज्जनगडाच्या पलीकडे, उरमोडी धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका खासगी माळावर मुक्कामी शिबिर घेतले. शनिवारी दुपारी आग्या मोहोळाच्या माश्या उठल्या, अकरा मुलांना डंख झाले आणि त्यांपैकी एकाला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात व नंतर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागले. सर्व मुले सुखरूप घरी पोचली. मी त्या शिबिरात नव्हतो. घटनेनंतर शाळेने मला कागदपत्रे पाहून व सर्वांशी बोलून एक टिपण द्यावे असे सुचवले. चारही संघांच्या नोंदवह्या, पूर्वपाहणीची डायरी, फोनमधील कॉलच्या वेळा आणि शिक्षकांनी व मुलांनी सांगितलेली हकिकत यांवर हे लेखन आधारलेले आहे. शाळेचे व व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, कारण कोणाचा दोष किती हे ठरवणे हा या लेखनाचा हेतू नाही. मला या प्रकरणात एकाच गोष्टीचा शोध घ्यावासा वाटला : जी मुले सगळ्यांत दूर पांगली त्यांचा हिशेब काही मिनिटांत लागला, आणि जी मोठ्यांच्या अगदी हाताशी होती त्यांच्यातलीच दोन हरवली, हे कसे घडले?

पथक आणि त्याची रचना

स्काऊट पथकाची बांधणी संघांवर असते. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक व एक उपनायक, आणि अशा काही संघांचे मिळून पथक. ही रचना चळवळीच्या पहिल्या दिवसापासूनची आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये या चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलाकडे दिली होती. मोठ्यांनी मुले सांभाळायची नाहीत, मुलांनी मुले सांभाळायची आणि मोठ्यांनी नायकांना सांभाळायचे, असा तो विचार आहे. आपल्याकडे भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्येही हीच पद्धत चालते, आणि मुलांच्या संघांना पशुपक्ष्यांची नावे देण्याचा रिवाजही टिकून आहे.

या शाळेचे पथक कागदावर आदर्श होते. वाघ, गरुड, हत्ती आणि मोर असे चार संघ, प्रत्येकात आठ मुले, म्हणजे एकूण बत्तीस. सहावी ते आठवीच्या या मुलांपैकी बहुतेकांचे प्रथम सोपान, म्हणजे स्काऊट प्रशिक्षणाची पहिली पायरी, पूर्ण झालेले होते आणि निम्मी मुले द्वितीय सोपानाच्या तयारीत होती, त्यामुळे गाठी, प्रथमोपचार, शिट्टीच्या खुणा आणि उघड्यावरचा स्वयंपाक हे विषय त्यांना नवे नव्हते. बरोबर स्काऊट मास्टर, एक सहायक शिक्षक आणि स्वतःची गाडी घेऊन आलेले एक पालक होते.

शिबिराच्या चार दिवस आधी या रचनेला एक जोड मिळाली. त्याच संस्थेच्या प्राथमिक विभागातील कब पथकातून, म्हणजे स्काऊट होण्याआधीच्या लहान मुलांच्या पथकातून, चौथीच्या सात मुलांना ‘अनुभव म्हणून’ नेण्याचे ठरले आणि त्यांच्याबरोबर कब विभागाच्या बाई आल्या. कब पथकातही सहा-सहांचे गट असतात आणि प्रत्येक गटाचा सिक्सर, म्हणजे त्यांच्यातलाच नायक, असतो, परंतु ही सात मुले वेगवेगळ्या गटांतली होती आणि त्यांच्यात एकही सिक्सर नव्हता. मुले लहान आहेत, तेव्हा नायक कशाला, बाई आहेतच की, असा सर्वांचा समज झाला. त्यातच एका कबचा मोठा भाऊ गरुड संघात सातवीतला स्काऊट होता. आईने शिक्षकांना गळ घातली की धाकट्याला रात्री भीती वाटते, तेव्हा दोघांना एकत्र ठेवा. शिक्षकांनी ते मान्य केले. थोरला भाऊ नावाने गरुड संघात राहिला, जेवायला आणि झोपायला मात्र कबांकडे गेला.

ही तडजोड कोणालाही चुकीची वाटली नाही, आणि खरे सांगायचे तर आईचे मन राखण्याचा तो मार्ग माणुसकीचाच होता. पुढच्या घटनेत सर्वाधिक डंख त्याच थोरल्या भावाला झाले.

पूर्वपाहणी आणि वारा

जागेची पूर्वपाहणी झाली नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. दोन आठवडे आधीच्या रविवारी दोन्ही शिक्षक मोटारसायकलवर सकाळी आठच्या सुमारास माळावर पोचले. त्यांनी पाणी पाहिले, सावली पाहिली, टेम्पो कुठपर्यंत येतो ते पाहिले, आरोग्य केंद्राचे अंतर काढले, जमीनमालकाचे संमतिपत्र घेतले आणि ग्रामपंचायतीला व पोलिसांना द्यायच्या पत्रांचा मसुदा केला. स्वयंपाकाची जागा निवडताना तर त्यांनी तीन दगडांची चूल मांडून चहाच केला. डायरीतली नोंद अशी आहे : ‘धूर खाली पाण्याकडे जातो. तंबूंना त्रास नाही. जागा योग्य.’

नोंद अगदी खरी होती, पण ती सकाळी आठची होती. डोंगराळ खोऱ्यात रात्री उतार थंड होतात आणि जड झालेली गार हवा उताराने खाली पाण्याकडे येते. ऊन चढले की हेच उतार तापतात, त्यांच्या अंगची हवा हलकी होऊन वर चढते आणि खोऱ्यातला वारा चढाच्या दिशेने वाहू लागतो. जानेवारीत आकाश निरभ्र आणि मोठे वारे मंद असताना ही उलटापालट जवळजवळ रोज होते. शिबिरात चुली पेटणार होत्या त्या दुपारी बाराच्या पुढे. सकाळी पाण्याकडे गेलेला धूर दुपारी नेमका उलट, माळामागच्या कड्याकडे जाणार होता. त्या कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली आग्या माश्यांची तीन पोळी लटकत होती. सकाळच्या वेळी तो कडा सावलीत असल्याने ती दिसली नाहीत.

जमीनमालक त्या सकाळी तिथेच म्हशी सोडत होते. घटनेनंतर त्यांना विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, “मोहळ हायती की कड्याला, दरसाल असत्यात. तुमी जाळ कुठं करणार ते सांगिटलं न्हाई, आन मला कुणी इचारलं न्हाई.” शिक्षकांनी त्यांना पाण्याविषयी, विंचवाविषयी, कुत्र्यांविषयी आणि रस्त्याविषयी विचारले होते. संमतिपत्रावर त्यांची सही आहे. परंतु ज्या माणसाने त्या माळावर सगळे ऋतू पाहिले आहेत, त्याला ‘इथे आम्ही दुपारी चूल पेटवणार आहोत, चालेल का’ एवढे विचारण्याचा रकाना पाहणीच्या छापील तक्त्यात नव्हता, म्हणून तो प्रश्न राहून गेला. अशा तक्त्यांचा हाच दोष असतो. त्यातले रकाने भरले की पाहणी पुरी झाली असे वाटू लागते.

आग्या माशी पाळीव सातेरी माशीसारखी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहत नाही. तिचे पोळे एकच, मोठे आणि उघड्यावर, उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याच्या कपारीला टांगलेले असते, आणि एकाच कड्यावर अनेक पोळी असणे नेहमीचे आहे. ढोलीचे संरक्षण नसल्यामुळे कामकरी माश्यांचा पडदाच पोळ्याचे रक्षण करतो, म्हणून ही जात फार आक्रमक असते आणि उठलेल्या माश्या काहीशे मीटरपर्यंत पाठलाग करतात. एका माशीने डंख केला की तिच्या नांगीतून सुटणाऱ्या वासाने इतर माश्यांना इशारा मिळतो आणि त्याच जागी आणखी माश्या येतात. या वासातला एक घटक पिकलेल्या केळ्याच्या वासाशी मिळताजुळता असतो. हे एका पालकाने कुठेतरी वाचले आणि सकाळच्या नाश्त्यात केळी दिल्यामुळेच हे झाले असा आग्रह पुढे पंधरा दिवस धरला. सात-आठ चुलींच्या ओल्या लाकडांचा धूर थेट पोळ्यांवर गेला असताना केळ्यांना जबाबदार धरण्याची गरज नव्हती.

शनिवारची दुपार

सव्वाबाराला चुली पेटल्या. चारही संघ आपापल्या चुलींवर होते. कबांना आगीपासून दूर ठेवायचे म्हणून बाईंनी त्यांना तंबूंजवळच्या आंब्याखाली बसवले होते आणि कापडावर वीस वस्तू मांडून, त्या झाकून, आठवणीने सांगण्याचा खेळ चालला होता. थोरला भाऊ त्यांच्यातच बसून गुण लिहीत होता.

एकच्या पुढे मोर संघातल्या एका मुलाला पहिला डंख झाला. पाठोपाठ आणखी दोन-तीन मुले ओरडली. स्काऊट मास्टरांनी वर पाहिले तेव्हा कड्यापासून माळाकडे येणारा थवा स्पष्ट दिसत होता. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि भराभर आखूड शिट्ट्या दिल्या.

स्काऊटच्या संकेतांत आखूड, लागोपाठच्या शिट्ट्यांचा अर्थ ‘एकत्र या’ असा आहे. लांब व संथ शिट्ट्या म्हणजे ‘दूर जा, पांगा’. आखूड आणि लांब आळीपाळीने म्हणजे ‘धोका’. मुलांना हे पाठ होते, शुक्रवारी शाळेच्या मैदानावर त्याचा सरावही झाला होता. म्हणून मुलांनी जे करायला हवे तेच केले. बत्तीसपैकी बहुतेक मुले सरांच्या दिशेने, म्हणजे चुलींच्या आणि माश्यांच्या दिशेने धावली. आंब्याखालचे कबही उठून तिकडेच पळाले. साधारण अर्ध्या मिनिटात सरांच्या लक्षात आले आणि त्यांनी लांब शिट्ट्या दिल्या. एका संघनायकाच्या नोंदवहीत हे फार मोजक्या शब्दांत आले आहे : ‘आधी जवळ या वाजले. मग लांब जा वाजले. आम्ही लांब गेलो.’

त्या अर्ध्या मिनिटाबद्दल सरांना नंतर बरेच ऐकून घ्यावे लागले. माझ्या मते तो निष्काळजीपणा नव्हता. संकट दिसले की मुलांना आपल्यापाशी ओढून घ्यावे ही मोठ्या माणसाची पहिली ओढ असते. आग, पूर, साप, भांडण, काहीही असो, शिक्षक मुलांना गोळा करतो, कारण गोळा झालेली मुले डोळ्यांसमोर असतात. मैदानावरच्या सरावातही नव्वद टक्के वेळा ‘एकत्र या’ हाच संकेत वाजवला जातो, ‘पांगा’ क्वचितच. हाताला जे वळण लागले तेच घाईत बाहेर आले. मोहोळ उठल्यावर मात्र एका जागी गोळा होण्याइतके वाईट दुसरे काही नाही. अशा वेळी वाट फुटेल तिकडे, पण धुराच्या आणि कड्याच्या विरुद्ध दिशेला, तोंड-डोके झाकून दूर पळणे आणि बंद जागेत शिरणे हाच उपाय असतो. पाण्यात उडी मारू नये, कारण माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि पोहता न येणारे मूल तिथे दुसऱ्याच संकटात सापडते. पाणी शंभर पावलांवर असूनही एकही मुलगा तिकडे गेला नाही, ही सहायक शिक्षकांनी आधीच दिलेल्या ताकिदीची पुण्याई.

लांब शिट्ट्या वाजल्यावर चारही संघ चार दिशांना सुटले. वाघ संघ जमीनमालकाच्या गोठ्यात शिरला. हत्ती संघ ओढ्याच्या पात्रातून खाली उतरून रस्त्यावरच्या मोरीत बसला. मोर संघ, ज्याला सर्वाधिक डंख होते, तो उसाच्या फडात घुसला आणि पलीकडच्या बांधावर निघाला. गरुड संघ टेम्पोच्या पलीकडे रस्त्याने पळाला आणि पहिल्या वस्तीतल्या एका घराच्या सोप्यात जाऊन बसला. मुलांनी गळ्यातले स्कार्फ सोडून तोंडावर गुंडाळले होते. प्रत्येक संघात नायक पुढे आणि उपनायक मागे होता. ही चाल त्यांना हाइकसाठी शिकवलेली होती, येथे कोणी न सांगता ती वापरली गेली.

पुढे काय झाले ते मला या प्रकरणाचा गाभा वाटते. संघनायकांकडे फोन नव्हते. तरी माश्या शांत होऊ लागताच, म्हणजे दहा-बारा मिनिटांत, चारही उपनायक वाहनाजवळ येऊन सहायक शिक्षकांना आपापली संख्या सांगून गेले. वाघ आठ, हत्ती आठ, मोर आठ, त्यांतल्या तिघांना जास्त डंख. गरुडाच्या उपनायकाने सांगितले, “सात हजर, आठवा कबांकडे.” चार ठिकाणी विखुरलेली एकतीस मुले, एकालाही शोधावे लागले नाही.

आता कबांकडे वळू. टेम्पोच्या बंद काचांमागे बाई आणि पाच कब होते. सहावा पालकांच्या गाडीत होता, हे कळायला पाच मिनिटे गेली, कारण गाडी वळणावर लावलेली होती आणि दोघांचेही फोन तंबूत होते. सातवा कुठेच नव्हता. बाई, सहायक शिक्षक आणि टेम्पोचालक तोंडावर चादरी घेऊन त्याला हाका मारू लागले. तो एका तंबूत, आतून चेन लावून, दोन अंथरुणांच्या मध्ये निपचित पडलेला सापडला. त्याला एकही डंख झाला नव्हता. ‘बाहेर येऊ नको’ असे आपल्याला कोणीतरी सांगितले म्हणून आपण हाकांना ओ दिली नाही, असे त्याने शांतपणे सांगितले.

पण तोपर्यंत कोणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट वेगळीच होती. शोध फक्त एका मुलाचा चालला होता, हरवली मात्र दोन होती. थोरला भाऊ आधी बाईंबरोबर टेम्पोत चढला होता. आत धाकटा नाही हे पाहून तो दुसऱ्या दाराने उतरला आणि परत आंब्याकडे पळाला. बाईंना तो उतरताना दिसला, पण तो मोठा स्काऊट आहे, आपल्या संघाकडे गेला असेल, असे त्यांनी धरले. गरुड संघाने तो कबांकडे आहे असे धरले होते, आणि तसे सांगितलेही होते. त्याचे नाव दोन्हीकडे असल्यामुळे त्याची वाट कोणीच पाहत नव्हते. तो रिकाम्या चुलींच्या आसपास भावाला हाका मारत फिरत राहिला. शेवटी जमीनमालक अंगावर जाड घोंगडी घेऊन माळावर गेले, त्याला त्याच घोंगडीत गुंडाळले आणि खांद्यावर टाकून रस्त्यावर आणले. तेव्हा त्याच्या मानेवर, कानांवर आणि हातांवर मिळून वीसेक डंख होते. १०८ क्रमांकाला लागलेल्या फोनची नोंद १ वाजून ३८ मिनिटांची आहे, म्हणजे पहिल्या शिट्टीनंतर सुमारे अर्ध्या तासाची.

उपचारांबाबत

उपचार नेमके झाले, त्यामुळे येथे थोडक्यातच. संघांनी नायकांच्या देखरेखीत एकमेकांच्या अंगातल्या नांग्या नखाने खरवडून काढल्या. आग्या माशीची नांगी त्वचेत अडकून राहते आणि तिच्याबरोबरची विषाची पिशवी त्यानंतरही काही काळ विष सोडत राहते, म्हणून नांगी कशाने काढली यापेक्षा ती किती लवकर काढली याला महत्त्व असते. वस्तीतल्या एका आजींनी चुना लावायला दिला, दुसऱ्यांनी हळद. त्याने मुलांना धीर आला एवढाच त्याचा उपयोग. थंड पाण्याच्या घड्यांनी खरा आराम पडला.

थोरल्या भावाचे लक्षण मात्र वेगळे होते. डंख नसलेल्या जागी, पोटावर आणि पाठीवर, गांधी उठल्या. त्याला दोनदा उलटी झाली, आवाज घोगरा झाला आणि ओठ सुजू लागले. डंखाच्या जागी सूज येणे आणि अंगभर अशी प्रतिक्रिया येणे यांतला फरक स्काऊट मास्टरांना प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणामुळे माहीत होता. त्यांनी त्याला उठू-चालू न देता आडवे ठेवले आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता पालकांच्या गाडीतून आरोग्य केंद्रात नेले. तिथे डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. रुग्णवाहिका तिथेच येऊन भेटली आणि मुलगा साताऱ्याला गेला. अशी प्रतिक्रिया शमल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवून रविवारी सकाळी घरी सोडले. पालकांची गाडी नसती तर टेम्पोतून पाच घाबरलेल्या कबांना उतरवून त्याला न्यावे लागले असते. मुक्कामी शिबिरात दुसरे मोकळे वाहन असलेच पाहिजे, याबद्दल कोणाचेही दुमत झाले नाही.

संध्याकाळचा निर्णय

शाळेत शिबिर गुंडाळण्याचा आग्रह होता. घरोघरी बातमी व्हॉट्सॲपवरून शिक्षकांच्या फोनआधीच पोचली होती आणि चार वाजेपर्यंत काही पालक माळावर येऊन थडकले. कब, डंख झालेली मुले आणि ज्यांचे पालक नेऊ इच्छीत होते अशी मुले साताऱ्याला परतली. राहिलेल्या वीस मुलांचे काय करावे हे ठरवताना स्काऊट मास्टरांनी मानसभा, म्हणजे पथकाचे निर्णय घेणारी संघनायकांची बैठक, बोलावली. मोठ्यांनी ठरवून सांगितले असते तर वेळ वाचला असता, आणि घाबरलेल्या मुलांवर निर्णयाचा भार टाकू नये असेही कोणी म्हणू शकते. मला त्यांचा हा निर्णय दिवसभरातला सर्वांत चांगला वाटतो. नायकांनी गावातल्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम हलवावा, शेकोटीचा कार्यक्रम आग न पेटवता कंदिलाभोवती करावा आणि प्रत्येक संघाने रात्री दर दोन तासांनी आपली मोजणी करून वहीत लिहावी असे ठरवले. तिसरी गोष्ट त्यांना कोणीही सुचवलेली नव्हती. गावात तोवर बातमी पसरली होती आणि रात्री पिठलं-भाकरी चार-पाच घरांतून आली.

नंतरच्या चर्चेत जे निसटते

शाळेने घेतलेल्या बैठकीत दोन सूचना जोरात होत्या. पहिली, मुक्कामी शिबिरे बंद करावीत. ती मुख्याध्यापकांनीच बाजूला ठेवली. दुसरी अधिक सयुक्तिक वाटणारी होती : दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस द्यावे. ही सूचना मी खोडून काढली, आणि ती अजूनही अनेकांना रुचलेली नाही. या घटनेत सर्वाधिक मोठी माणसे कबांच्याच वाट्याला होती. सात मुलांमागे बाई, पालक आणि टेम्पोचालक असे तिघे, शिवाय एक मोठा स्काऊट. संघांमागे दोन शिक्षक, म्हणजे सोळा मुलांमागे एक. तरीही मोजणी कबांचीच लागली नाही. मोठ्या माणसाला आपल्या हाताखाली कोण आहे हे दिसते, कोण नाही हे लगेच कळत नाही, विशेषतः ही मुले सकाळपासून कधी बाईंकडे, कधी पालकांकडे, कधी सरांकडे फिरती असतील तर. संघातल्या मुलाला मात्र आपल्या शेजारी कोण नाही हे आधी कळते. तो त्याच्याबरोबर रोज शाळेत बसतो, त्याच्याशी भांडतो, त्याच्या डब्यातले खातो. आठांपैकी एक कमी आहे हे त्याला मोजावे लागत नाही.

म्हणून मोठ्यांची संख्या वाढवण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव एकाच यादीत असावे, आणि ती यादी एका मुलाच्या डोक्यात असावी, असे मी सुचवले. यादी बदलायची असेल तर मुलगा एका संघातून पूर्णपणे दुसऱ्यात जावा, अर्धा नव्हे. कबांना न्यायचेच असेल तर एकाच गटातले सहा न्यावेत आणि त्यांचा सिक्सर बरोबर असावा. चौथीतले मूल मोजणी करू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी कोणताही लपंडाव पाहावा, राज्य घेतलेल्या मुलाला कोण अजून सापडायचे आहे हे नेमके ठाऊक असते. शिट्टीच्या सरावात ‘पांगा’ हा संकेत ‘एकत्र या’ इतक्याच वेळा वाजवावा, आणि पांगल्यावर संख्या कुठे व कोणी सांगायची हेही त्यातच यावे. पूर्वपाहणीची एक फेरी तरी ज्या वेळेला चुली पेटणार त्याच वेळेला व्हावी, आणि त्या जागेवर गुरे चारणाऱ्या माणसाला शिबिराचा दिवसभराचा क्रम वाचून दाखवावा. त्याला प्रश्न विचारू नयेत, कारण आपल्याला माहीत असलेलेच प्रश्न आपण विचारतो. क्रम ऐकताना तो जिथे अडेल तिथे थांबावे.

भावंडांचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. माझे मत असे की धाकट्याला थोरल्याच्या संघात पाहुणा म्हणून द्यावा, म्हणजे थोरल्याला संघ सोडावा लागत नाही आणि धाकट्याची मोजणी नवव्या मुलासारखी होते. कब विभागाच्या बाईंचा याला ठाम विरोध आहे. नऊ वर्षांचे मूल तेरा वर्षांच्या मुलांच्या चालीने चालू शकत नाही, त्यांच्या चुलीजवळ ते असू नये, आणि संघाला त्याच्यासाठी थांबावे लागले तर संघच मोडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. स्काऊट मास्टर दोघांच्या मध्ये आहेत. पुढच्या शिबिरासाठी सध्या असे ठरले आहे की कबांनी मुक्कामाला यायचे नाही. रविवारी सकाळी नऊ वाजता स्वतंत्र वाहनाने, आपल्या सिक्सरसह, यायचे आणि चारच्या आत परतायचे. त्या दिवशी थोरला भाऊ गरुड संघातच राहील, आणि धाकट्याला भेटायचे असेल तर संघनायकाला सांगून जाईल. आईने याला संमती दिली आहे. धाकट्याने अजून दिलेली नाही, त्याला रात्रीही राहायचे आहे.